पट्टा नसलेला रस्ता : ओव्हरटेकच्या कायद्याचा छोटा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. सोसायटीची स्थापना, पाण्याची टाकी, लिफ्टचं भांडण हा सगळा इतिहास इतर मंडळींनी याच अंकात चांगला लिहिला आहे. माझ्या बँकेतल्या आठवणी ऐकून घरची माणसंसुद्धा कंटाळली आहेत. म्हणून तिसराच विषय घेतला. तो आपल्या सगळ्यांच्या रोजच्या जाण्यायेण्यातला आहे, आणि गेल्या काही वार्षिक सर्वसाधारण सभांमध्ये "आयत्या वेळचे विषय" या सदराखाली न चुकता निघालेला आहे.

विषय असा. आपल्या फाटकासमोरच्या रस्त्यावर पुढची गाडी अगदी हळू चालली असेल, तर तिला मागे टाकून पुढे जाणं कायदेशीर आहे की नाही? या रस्त्यावर पांढरा पट्टा नाही, पिवळा नाही, वेगमर्यादेची पाटी नाही. सभेत यावर सरळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "पट्टाच नाही म्हणजे मनाई नाही, खुशाल जावं." दुसरा म्हणतो, "वस्तीतला रस्ता आहे, इथे ओव्हरटेकला बंदीच आहे." दोन्ही पक्ष सारख्याच ठामपणे बोलतात आणि इतिवृत्तात "सविस्तर चर्चा झाली" एवढीच नोंद होते. मागच्या खेपेला एका तरुण सभासदाने मला विचारलं, "काका, तुम्ही एवढे नियमाचे पक्के, मग कायद्यात नेमकं काय आहे ते दाखवा ना!"

अडतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे एक सवय अंगात मुरली आहे. मूळ कागद बघितल्याशिवाय सही करायची नाही. तेव्हा कायदे आणि नियम काढून वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की आपल्या गल्लीतल्या या भांडणामागे चांगला दीड-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो.

डावी बाजू आली कुठून?

ओव्हरटेक हा शब्द समजून घ्यायचा तर आधी बाजू समजली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून पुढच्याला उजवीकडून ओलांडतो. ही डावी बाजू इंग्रजांकडून आली. इंग्लंडमध्ये १८३५ च्या हायवे ॲक्टने वाहनांनी डावी बाजू धरणं सक्तीचं केलं. तेव्हा मोटार नव्हती, घोडागाड्या होत्या. इंग्रजी अमलाखालच्या बहुतेक मुलखांत हीच पद्धत रुजली.

माझी तीन वर्षं गोव्यात म्हापशाला बदली होती, तेव्हा एक प्रश्न मनात यायचा. गोवा तर पोर्तुगिजांचा, मग इथेही डावीच बाजू कशी? त्याचं कारण मजेशीर आहे. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशात डावी बाजू सोडून उजवी धरली. पण गोव्याची जमिनीवरची हद्द इंग्रजी अमलाखालच्या मुलखाला भिडलेली. हद्द ओलांडताच बाजू बदलायची म्हणजे रोज टकरी. म्हणून गोव्यात जुनी डावी बाजू तशीच ठेवली गेली. सांगायचा मुद्दा एवढाच की रस्त्याचा नियम हा शेजाऱ्याकडे बघूनच करावा लागतो. आपल्यापुरता वेगळा नियम रस्त्यावर चालत नाही, मग तो देश असो की बी विंगमधला फ्लॅट.

मोटारीच्या आधीचं कलम

आपल्याकडे भारतीय दंड संहिता १८६० साली झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यातलं २७९ वं कलम सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन हाकणाऱ्याला शिक्षा सांगतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा टांगेवाल्यालाही लागू होती आणि घोड्यावर बसून भरधाव जाणाऱ्यालाही. मोटार भारतात यायला तेव्हा तीन-साडेतीन दशकं बाकी होती!

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं २७९ तिथे २८१ झालं. आकडा बदलला, पण मजकूर आणि शिक्षा जवळपास तीच राहिली. या कलमात पट्ट्याचा उल्लेख नाही, रुंदीचा नाही, वेगाचाही नाही. "तुझ्या हाकण्याने दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला का?" एवढाच प्रश्न आहे. पुढच्या सगळ्या कायद्यांचा गाभा हाच आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

१९१४ आणि १९३९

मोटारगाड्या आल्या तेव्हा सुरुवातीला प्रांताप्रांताचे वेगवेगळे नियम होते. सगळ्या ब्रिटिश भारतासाठी एक कायदा झाला तो १९१४ साली, इंडियन मोटर व्हेईकल्स ॲक्ट. गाडीची नोंदणी, चालकाचा परवाना, अठरा वर्षांची वयोमर्यादा या आज आपण गृहीत धरलेल्या गोष्टी देशभर एकसारख्या झाल्या त्या तेव्हापासून.

पण कोणी कोणाला कसं ओलांडायचं याचे तपशीलवार नियम १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मिळतात. त्या कायद्याला परिशिष्टं जोडलेली होती, त्यातल्या दहाव्या परिशिष्टात वाहन चालवण्याचे नियम होते. शक्य तितकी डावी बाजू धरा. पुढच्याला उजवीकडून ओलांडा. पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा देऊन गाडी रस्त्याच्या मध्यावर घेतली असेल तरच त्याच्या डावीकडून जा. इतर रहदारीला अडचण किंवा धोका होणार असेल, किंवा वळण, चढ, अडथळा यांमुळे पुढचं दिसत नसेल, तर ओलांडू नका. आणि तुम्हाला कोणी ओलांडत असेल तर वेग वाढवून त्याला अडवू नका.

याच परिशिष्टात ट्रामचा वेगळा उल्लेख होता. ट्राम रुळावरून चालते, ती बाजूला सरकू शकत नाही. म्हणून तिला डावीकडून किंवा उजवीकडून, कसंही ओलांडायला परवानगी होती. मात्र ट्राममधून उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या माणसांना धोका होईल अशा रीतीने नाही. माझं बालपण परळला गेलं. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची ट्राम बंद झाली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. ट्राम थांबली की मागची मोटार थांबायची, माणसं उतरून पदपथावर पोचायची आणि मग मोटार पुढे निघायची, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दादर टी.टी. या नावातला "टी" ट्रामचाच, पण आजच्या मुलांना तो माहीत नाही. ट्राम गेली, तरी त्या नियमामागचा विचार मला आजही महत्त्वाचा वाटतो. पुढची गाडी थांबली किंवा मंदावली, तर तिच्यातून कोणीतरी उतरत असेल, असं आधी समजायचं.

पट्टा आला कधी?

आता आपल्या भांडणातल्या मुख्य आरोपीकडे, म्हणजे रस्त्यावरच्या पट्ट्याकडे येऊ. रस्त्याच्या मधोमध रेघ मारण्याची कल्पना अमेरिकेतली. मिशिगन राज्यातल्या वेन परगण्यात १९११ साली एडवर्ड हाइन्स नावाच्या रस्ते अधिकाऱ्याने ती अमलात आणली.

आपल्याकडे रस्त्यांचा शास्त्रशुद्ध विचार सुरू झाला त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, आणि पुण्यात राहणाऱ्या आपल्याला तो माहीत असायला हवा. १९२७ साली रस्तेविकासासाठी सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. जयकर समितीच्या शिफारशींतून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. रस्ता किती रुंद असावा, पाटी कशी असावी, पट्टा कुठे मारावा याचे मानदंड ही संस्था ठरवते. पट्ट्यांविषयीची तिची संहिता प्रथम १९७० साली निघाली. पुढे १९९७ आणि २०१५ मध्ये ती सुधारली गेली.

तारखा नीट बघा. ओलांडण्याचे नियम १९३९ चे. पट्ट्यांची संहिता १९७० ची. म्हणजे निदान तीस वर्षं या देशात ओव्हरटेकचा कायदा होता आणि पट्ट्यांची संहिता नव्हती. त्या तीस वर्षांत कायदा काय झोपला होता? अर्थातच नाही. पट्टा हा कायद्याच्या मदतीला नंतर आलेला चोपदार आहे. चोपदार दारात उभा नाही म्हणून दरबार बरखास्त होत नाही.

पट्ट्याचा अर्थ सोपा आहे. मधला पट्टा तुटक असेल तर सुरक्षित असल्यास तो ओलांडता येतो. अखंड असेल तर ओलांडता येत नाही. आणि पट्टाच नसेल तर? तर निर्णय चालकाच्या डोक्यावर सोपवलेला असतो, आणि जबाबदारीही त्याच्याच. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हेड ऑफिसचं परिपत्रक आलेलं नाही म्हणजे शाखा व्यवस्थापकाने वाटेल तसं कर्ज वाटावं असं होत नाही. उलट अशा वेळी त्याच्या तारतम्याची परीक्षा जास्त कडक होते.

१९८८ पासून आजपर्यंत

१९३९ चा कायदा पन्नास वर्षं चालला. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू. त्याच दिवसापासून "रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स" लागू झाले. त्यातल्या सहाव्या नियमात ओव्हरटेक कधी करू नये हे चार वाक्यांत सांगितलं होतं. एक, कोणत्याही दिशेच्या रहदारीला अडचण किंवा धोका होणार असेल तर. दोन, वळण, चढ किंवा अडथळ्यामुळे पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल तर. तीन, मागच्याने आपल्याला ओलांडायला सुरुवात केली आहे हे ठाऊक असेल तर. चार, पुढच्याने "या" असा इशारा दिला नसेल तर.

हा चौथा नियम माझ्या पिढीला चांगला आठवेल. आरटीओच्या परीक्षेत उजवा हात खिडकीबाहेर काढून पुढे-मागे अर्धवर्तुळाकार हलवून दाखवावा लागे, म्हणजे मागच्याला पुढे जायची खूण. घाटात ट्रकवाले हा हात फार प्रामाणिकपणे देत. आता गाडीच्या काचा बंद, आत एसी, हात बाहेर येतच नाही. हाताची जागा हॉर्नने घेतली. ट्रकच्या मागचं "हॉर्न ओके प्लीज" तर इतकं बोकाळलं की २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते लिहायलाच बंदी घातली. एक बारकावा पाहा. हाताची खूण पुढचा देत असे, म्हणजे ती परवानगी होती. हॉर्न मागचा वाजवतो, म्हणजे ती मागणी आहे. परवानगीची मागणी झाली आणि मागणीची बघता बघता धमकी झाली.

सातवा नियम हळू चालवणाऱ्यांसाठी होता, आणि तो आपल्या दुसऱ्या पक्षाने लक्षात घ्यावा. कोणी आपल्याला ओलांडत असेल तर वेग वाढवून किंवा अन्य प्रकारे त्याला अडवायचं नाही. हळू चालवणं हा गुन्हा नाही, पण मुद्दाम अडवणं हा नियमभंग आहे. सरकारला कमाल वेगाबरोबर किमान वेगही ठरवता येतो, अशी तरतूद कायद्याच्या ११२ व्या कलमात आहे. पण आपल्या गल्लीत किमान वेग कोणी ठरवलेला नाही. तेव्हा ताशी पंधराने जाणारे सभासद कायद्याच्या कक्षेतच आहेत.

१९८९ च्या नियमांची जागा २३ जून २०१७ ला निघालेल्या नव्या वाहनचालन नियमांनी घेतली. तेही सरसकट बंदी घालत नाहीत आणि सरसकट मोकळीकही देत नाहीत. डावीकडून ओलांडायचं नाही, याला मोजकेच अपवाद आहेत. पुढचं दिसत नसेल किंवा इतरांना धोका असेल तिथे ओलांडायचं नाही. या सगळ्याला दात आले ते २०१९ च्या दुरुस्तीने. कायद्याच्या १८४ व्या कलमात, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं हे आता नाव घेऊन समाविष्ट आहे, सिग्नल तोडणं आणि हातात मोबाईल धरून चालवणं यांच्या पंक्तीत. असं चालवणं जनतेला धोकादायक ठरलं तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. या कलमातही "पट्टा असेल तर" असं कुठे म्हटलेलं नाही.

"पण हा तर सोसायटीचा आतला रस्ता!"

काही सभासदांचा आणखी एक युक्तिवाद असतो. फाटकाच्या आतला रस्ता आपल्या मालकीचा, तिथे सरकारचा कायदा कसा लागू होईल? मोटार वाहन कायदा "सार्वजनिक जागा" या शब्दावर उभा आहे, आणि तिची व्याख्या मालकीवर अवलंबून नाही. लोकांना जिथे प्रवेशाचा हक्क आहे असा रस्ता किंवा जागा, तो रहदारीचा असो वा नसो, असा तिचा आशय आहे. विम्याच्या संदर्भात हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर आला होता. त्या पीठाने १९८८ साली असा निर्णय दिला की खासगी मालकीची जागा असली, पण तिथे लोकांचा वावर आहे, मग तो मोकळा असो की नियंत्रित, तर ती सार्वजनिक जागाच समजावी. आपल्याकडे दूधवाला, पेपरवाला, कामाच्या बाया, पार्सलवाले, पाहुणे सगळे वॉचमनच्या नोंदवहीत नाव लिहून आत येतात. याहून वेगळा "नियंत्रित वावर" काय असतो? आणि मालकीचं बाजूला ठेवलं तरी आपल्याच आवारात आपल्याच नातवंडांच्या मध्ये गाडी घालायची मुभा कोणता कायदा देईल?

आपल्या रस्त्याचं गणित

आता आकडेमोड, कारण तिच्याशिवाय आम्हा बँकवाल्यांना चैन पडत नाही. एका रविवारी सकाळी वॉचमनला सोबत घेऊन मी टेपने रस्ता मोजला. नकाशात तो नऊ मीटरचा आहे, पण गटार आणि कडेचा मातीचा भाग सोडला तर डांबर साडेसात मीटर. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात. आजच्या एका मोठ्या गाडीची रुंदी सुमारे १.८ मीटर धरली तर उभ्या गाड्यांनी ३.६ मीटर खाल्ले. उरले ३.९ मीटर. एक गाडी दुसरीला ओलांडताना दोन्ही मिळून ३.६ मीटर लागतात. बाकी शिल्लक ०.३ मीटर, म्हणजे एक फूट! त्या एका फुटात दोन्ही गाड्यांचे आरसे, दोघींमधलं अंतर, उभ्या गाडीचं अचानक उघडणारं दार आणि भाजीची पिशवी घेतलेल्या वहिनी, असं सगळं बसवायचं आहे.

आपण २००० साली राहायला आलो तेव्हा अंगणात बहुतेक मारुती ८०० होत्या. तिची रुंदी १.४४ मीटर. तेव्हा तिच्या शेजारून दुसरी मारुती निघून जायची. रस्ता तोच आहे, पट्टा तेव्हाही नव्हता. गाड्या मात्र रुंद झाल्या आणि संख्येने वाढल्या.

आता वेळेचा हिशेब. चौकापासून देवळाच्या वळणापर्यंत आपली गल्ली साधारण चारशे मीटर आहे. ताशी १५ किलोमीटरने ती पार करायला ९६ सेकंद लागतात. ताशी ३० ने ४८ सेकंद. म्हणजे गल्लीच्या अगदी तोंडाशीच ओव्हरटेक साधला तरी कमाई जास्तीत जास्त ४८ सेकंदांची. आणि त्यासाठी खर्च किती? पुढच्याला पूर्ण ओलांडून परत डावीकडे यायला, दोन्ही गाड्यांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून, त्याच्यापेक्षा सुमारे वीस मीटर जास्त कापावे लागतात. ३० आणि १५ च्या वेगातल्या फरकाने याला जवळजवळ पाच सेकंद लागतात. तेवढ्यात आपण चाळीस मीटर पुढे जातो आणि समोरून त्याच वेगाने येणाराही चाळीस मीटर जवळ येतो. म्हणजे ऐंशी मीटर रस्ता समोर रिकामा आणि स्पष्ट दिसला पाहिजे. पिठाच्या गिरणीचा कोपरा, शाळेच्या बसचा थांबा आणि देवळाचं वळण वगळून आपल्या गल्लीत असे सलग ऐंशी मीटर कुठे सापडतात ते कोणी दाखवावं.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर देता येतं. पट्टा नसलेल्या वस्तीतल्या रस्त्यावर हळू गाडीला ओलांडायला कायद्याने सरसकट बंदी नाही, हे पहिल्या पक्षाचं म्हणणं खरं आहे. पण कायद्याने घातलेल्या अटी आपल्या गल्लीत दिवसाच्या बहुतेक वेळी पूर्ण होऊच शकत नाहीत, म्हणून दुसऱ्या पक्षाचाही निष्कर्ष जवळपास बरोबर आहे. सकाळी साडेपाचला, गाड्या एकाच बाजूला असताना, समोर चिटपाखरू नसताना कोणी उजवीकडून शांतपणे पुढे गेला तर तो गुन्हेगार नाही. सकाळी साडेआठला तोच माणूस तेच करील तर तो १८४ च्या दारात उभा आहे.

हळू कोण चालवतं?

कायद्याच्या पलीकडची एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीतल्या एक वहिनी रिक्षातून उतरत होत्या. रिक्षा डावीकडे थांबण्यासाठी मंदावली, तेव्हा मागच्या स्कूटरने तिला डावीकडून ओलांडायचा प्रयत्न केला. वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने अंथरूण, त्यानंतर वॉकर. पूर्वी त्या रोज संध्याकाळी देवळात पायी जात. आता जात नाहीत. स्कूटरवरचा मुलगा वाईट नव्हता. तो स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि पुढेही चौकशीला येत राहिला. त्याला फक्त घाई होती.

दुसरी गोष्ट अपघाताची नाही, म्हणून ती कोणाच्या नोंदीत नाही. ए विंगमधले आपले एक ज्येष्ठ सभासद पंच्याहत्तरी उलटल्यावरही पत्नीला डायलिसिसला स्वतः गाडीतून नेत असत. ताशी पंधराच्या वर काटा जात नसे. मागून सतत हॉर्न, शेजारून घासून जाणाऱ्या गाड्या, जाता जाता कोणीतरी टाकलेला शब्द. एके दिवशी त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली. परवाना अजून चालू आहे, डोळेही ठीक आहेत, पण त्यांचं मन घाबरलं. आता मुलाला सुट्टी मिळेल त्या वेळेशी दवाखान्याची वेळ जुळवावी लागते.

पंचवीस वर्षांपूर्वी हेच गृहस्थ आपल्या गल्लीतले सगळ्यात वेगवान चालक म्हणून प्रसिद्ध होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल! आज हळू चालणाऱ्या गाड्यांची यादी केली तर त्यात कोण निघतं? आपण म्हातारे, नुकतीच गाडी शिकणाऱ्या सुना आणि मुली, शाळेची बस आणि मागच्या सीटवर तान्हं बाळ असलेले बाप. ज्यांच्यासाठी आपण घरं घेतली तीच ही माणसं. आणि आज मागून हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव पुढच्या पंचवीस वर्षांत या यादीत येणारच आहे.

काय करता येईल?

नुसती कुरकुर करून लेख संपवणं बरं नाही. म्हणून काही सूचना. पहिली, फाटकाबाहेरचा रस्ता महानगरपालिकेचा आहे. तिथे स्वतःच्या मनाने पाटी लावण्याचा किंवा सिमेंटचा उंचवटा घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही. वाहतूक चिन्हं लावणं हे कायद्याने सरकारचं किंवा सरकारने अधिकार दिलेल्या संस्थेचं काम आहे. गतिरोधकासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असं माप दिलेलं होतं : ताशी २५ किलोमीटरने गाड्या जाव्यात यासाठी ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार चढाचा. रातोरात घातलेला अरुंद उंचवटा कंबर मोडतो, वेग मोडतोच असं नाही. तेव्हा गल्लीतल्या पाचही सोसायट्यांनी मिळून महापालिका आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी अर्ज करावा. मसुदा मी तयार केला आहे.

दुसरी, गाड्या एकाच बाजूला उभ्या करायच्या. तेवढ्याने १.८ मीटर रस्ता परत मिळतो, तोही एक पैसा खर्च न करता.

तिसरी, हळू चालवणाऱ्यांसाठी. डावी बाजू धरा, रस्त्याच्या मधून चालू नका. मागे तीन-चार गाड्या साठल्या तर रुंद जागा बघून कडेला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. यात कमीपणा नाही. जुन्या ट्रकवाल्याच्या हातात जी माणुसकी होती तीच ही.

चौथी, घाईतल्यांसाठी. डावीकडून कधीही नाही. शाळेची बस किंवा रिक्षा थांबली असेल तर आपणही थांबायचं. बाकी ४८ सेकंद घरातून लवकर निघून मिळवता येतात.

या चार सूचना मी येत्या सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव म्हणून मांडणार आहे, आयत्या वेळचा विषय म्हणून नव्हे. सूचक म्हणून माझी सही झालेली आहे. अनुमोदक म्हणून कोणी तरुण सभासद पुढे आला तर मला विशेष आनंद होईल.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!